उंबराचा घेर

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात. नसेल दिसत. उंबराचं फळ मात्र मला रोज फर्स्ट शिफ्टला निघताना दिसतं, आणि तेही एकटंदुकटं नाही, सहकुटुंब सहपरिवार. माझ्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर, काचेवर, वायपरच्या खाचेत आणि दाराच्या कडीवर नेमकं हाताला लागेल अशा ठिकाणी.

गाडी पांढरी घ्यायची हा निर्णय अनिताचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचा. पांढऱ्या गाडीवर धूळ दिसत नाही, असं तिला तिच्या निगडीच्या बहिणीने सांगितलं होतं. निगडीला प्राधिकरणात बहिणीचा बंगला आहे, बंगल्याला पोर्च आहे आणि पोर्चमध्ये गाडी आहे. तिथे धूळच नसते, तर दिसणार कुठून? आमच्या मोशीच्या ‘निशिगंधा हाइट्स’मध्ये पार्किंगच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. माझ्या नावाने सात नंबर निघाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘रंगराव, नशीब काढलंत! सावलीची जागा!’ टाळ्या इतक्या मनापासून का होत्या, ते उंबर पिकल्यावर कळलं. आंबा बिचारा वर्षातून एकदा पिकतो. उंबर तीन शिफ्टमध्ये पिकतं.

दिवसा पोपट आणि साळुंक्या, रात्री वटवाघळं. खाणं कमी, सांडणं जास्त. आता सोसायटीत माणसाला दुखणं झालं की औषध सांगायला सगळे मजले खाली येतात. एकाने सांगितलं, कव्हर घाला. घातलं. चार दिवसांनी काढायला गेलो तर कव्हर निघेना, कारण फळं, पिसं आणि ऊन यांचा मुरांबा होऊन ते गाडीला चिकटलं होतं. दुसऱ्याने सांगितलं, फांदीला जुन्या सीड्या बांधा, चकाकीला पाखरं घाबरतात. घाबरायचं सोडाच, पूर्वी जेवून जाणारे पोपट आता आरशात बघायला थांबू लागले. अनिताने सुचवलं की उंबर म्हणजे दत्ताचं झाड, तेव्हा तुम्ही गुरुवार धरा. धरला. गुरुवारी मी उपाशी राहिलो आणि पाखरांनी माझ्या वाटचं खाल्लं.

माझी मागणी काही राजवाड्याची नव्हती. सात नंबरच्या बरोबर वर आलेली एक फांदी तोडायची, एवढंच. माळीबुवांना विचारलं तर त्यांनी कानाला हात लावला. “उंबराला कुऱ्हाड लावू? घरात पोरंबाळं हायत, साहेब.” मग मी चेअरमन उद्धवरावांकडे गेलो. उद्धवराव पिंपरीच्या एका कंपनीत युनियनचे पुढारी होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण भाषण अजून निवृत्त झालेलं नाही. “रंगराव, आपल्या भावनांचा मी आदर करतो,” ते म्हणाले. “परंतु पालिकेच्या परवानगीशिवाय झाडाचं पानही तोडता येणार नाही. परवानगी आणा, पहिली टाळी मी वाजवीन.”

परवानगीचं कळल्यावर तिसऱ्या मजल्यावरचा ज्ञानेश लॅपटॉप घेऊन आला. हा तळवड्याला आयटीत आहे. त्याला घरबसल्या जगातलं सगळं करता येतं, फक्त गॅसची टाकी लावता येत नाही. “काका, पालिकेने शहराचा नकाशा खुला केलाय. लेअर बाय लेअर,” तो म्हणाला. थर म्हटल्यावर मला आधी दहीहंडीच आठवली, पण हा प्रकार फार देखणा निघाला. एक खूण केली की नुसते रस्ते दिसतात. दुसरी केली की त्यावर गटारं येतात. मग दिव्याचे खांब, बसचे थांबे, बागा, शाळा, नाले. नको असेल ते पुसून टाकायचं, हवं असेल ते आणायचं. सगळी गटारं एका बोटाने नाहीशी करताना मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या गेटसमोरचा बंद दिवा नकाशातही होता, आणि तिथे मात्र पिवळाधमक पेटलेला होता. अनिताने पोळ्या टाकता टाकता तीनदा हाक मारली, पण मी मोशीहून नकाशातूनच आळंदी रस्त्यापर्यंत जाऊन आलो.

शेवटचा थर झाडांचा. शहरातलं एकेक झाड म्हणजे एकेक हिरवा ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की झाडाची जात, उंची, घेर, तब्येत, सगळी कुंडली उघडते. आमच्या कुंपणाबाहेरचे गुलमोहर होते. समोरच्या दवाखान्यातला वाळलेला अशोक होता, ‘प्रकृती : बरी’ अशा शेऱ्यासकट. सात नंबरवर मात्र कोरी जागा. झाडं मोजली गेली तेव्हा आमच्या प्लॉटभोवती बिल्डरचे पत्रे होते आणि मोजणाऱ्यांना आत कुणी घेतलं नव्हतं. म्हणजे माझ्या गाडीवर इतके दिवस जे पडत होतं, ते सरकारदरबारी कुठूनच पडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी उद्यान विभागात गेलो. तिथल्या वर्षाली मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शांत. माझं गाऱ्हाणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, जे आमच्या घरात आजवर कुणी केलेलं नाही. “काका, ज्या झाडाची नोंदच नाही त्याच्या फांदीची परवानगी कशी देऊ? आधी झाड थरात आणा. आता नागरिकांनाही नोंद करता येते. फोटो टाका, माहिती भरा, मग फांदीचा अर्ज करा.”

मला अवघड वाटायचं कारणच नव्हतं. मी चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. माझ्या सहीशिवाय एक बोल्ट गेटबाहेर जात नाही. आमच्या कॅन्टीनच्या भिंतीवर ‘शून्य दोष’ या मथळ्याखाली माझा फोटो आहे, आणि त्यात मी हसलेलो नाही. मापाचं काम म्हटलं की माझ्या अंगात येतं.

रविवारी सकाळी कंपनीतल्यासारखा खिशाला पेन लावून मी उंबराखाली उतरलो. ज्ञानेशला टेपचं एक टोक धरायला दिलं. छातीच्या उंचीवर खडूची खूण केली. घेर एकदा घेतला, दुसऱ्यांदा घेतला, माणूस बदलून तिसऱ्यांदा घेतला. एवढ्यात सरूबाई आल्या. ही सगळी जमीन पूर्वी सरूबाईंची. बिल्डरला देताना झाड राहिलं पाहिजे एवढी एकच अट म्हातारीने घातली होती. दर गुरुवारी त्या उंबराखाली दिवा लावायला येतात, आणि इतर दिवशी आम्ही नीट राहतो का ते बघायला.

“काय वो, सदरा शिवताय का उंबराला?” त्यांनी विचारलं.

“घेर घेतोय, आजी. नकाशात नाव घालायचंय त्याचं.”

“घाला, घाला. रेशनकार्डावर बी घाला. न्हाईतरी समद्या पाखरांस्नी त्योच पोसतो.”

तिन्ही मापं जुळली. अठराशे पन्नास. इथे थोडं विषयांतर करणं भाग आहे. आमच्या धंद्यात सेंटीमीटर नावाचं मापच नाही. पिनेपासून चासीपर्यंत सगळं मिलिमीटरमध्ये. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तसं छापलेलं असतं, पण कुणी वाचत नाही, कारण दुसरं काही असूच शकत नाही. हे एकदा अंगात मुरलं की माणूस घरीही तसाच होतो. मुलगी झाली तेव्हा मी आईला फोनवर बाळाची लांबी चारशे नव्वद सांगितली, तर आईने फोन ठेवून थेट देवापुढे साखर ठेवली. पडद्यासाठी कापड घ्यायला गेलो आणि “एकवीसशे द्या” म्हणालो, तर दुकानदाराने मला पंख्याखाली बसवून थंड मागवलं. असो. मी ज्ञानेशच्या लॅपटॉपवर घेराच्या रकान्यात अठराशे पन्नास भरलं, नजर दोनदा फिरवली आणि बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात ज्ञानेश जिना उतरून धावतच आला. आमच्या उंबराच्या जागी हिरवा ठिपका नव्हता. सोनेरी चांदणी होती. बोट ठेवलं तर अक्षरं उमटली : ‘वारसा वृक्ष. अंदाजे वय ७४० वर्षे.’ घेरावरून वय काढायचं काम संगणकाचं, असं तो म्हणाला. मी कर्तव्य म्हणून घेराचा आकडा तपासला. अठराशे पन्नास. माझाच आकडा, जसाच्या तसा. पालिकेचं काम इतकं चोख असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी तसं चारचौघांत बोललोसुद्धा.

त्या रविवारी निगडीहून झाडप्रेमी मंडळी आली. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. उद्धवरावांनी रातोरात फ्लेक्स लावला होता. त्यात त्यांचा फोटो झाडाच्या फोटोपेक्षा मोठा होता आणि खाली ‘सातशे चाळीस वर्षांच्या परंपरेचे विनम्र राखणदार’ असं लिहिलं होतं. टोपीवाल्यांच्या प्रमुख बाईंनी खोडावर हात ठेवून डोळे मिटले. “या वृक्षाने यादवांचं राज्य पाहिलं आहे,” त्या म्हणाल्या.

“यादव म्हंजी त्यो दूधवाला?” सरूबाई कट्ट्यावरून म्हणाल्या. “त्यानं बी बगितलंय की. त्याच्या म्हशी हितंच असायच्या.”

“आजी, हा वृक्ष कुणी लावला याची काही आठवण सांगतात का तुमच्या घरात?”

“सांगायला कशाला पायजे? म्याच लावलाय. उकिरड्यावर उगवला व्हता, तितनं उपटून हितं लावला. आमचा बंटी पोटात व्हता तवा.”

“तुमच्या सासरच्या कुणा पूर्वजांनी लावला असेल, आजी. हा सातशे वर्षांचा आहे.”

“मंग मी काय सातशे वर्साची हाय?”

सगळे हसले. बाईंनी वहीत ‘लागवड प्राचीन, स्थानिकांच्या मते’ असं लिहून घेतलं. सरूबाईंनी हताश होऊन माझ्याकडे बघितलं. मी छाती पुढे काढून उभा होतो. वारसा वृक्ष माझ्या पार्किंगमध्ये होता आणि तो जगाला मी दाखवला होता. त्या दिवसापुरती मी बॉनेटवरची फळंही प्रसादासारखी उचलली.

प्रसाद पुढच्याच आठवड्यात उतरला. वारसा वृक्षाभोवती त्याच्या घेराच्या मानाने जागा राखीव ठेवावी लागते असा नियम आहे, आणि चांगला नियम आहे. दोन माणसं आली, त्यांनी दोरी धरली आणि फक्कीने वर्तुळ आखायला घेतलं. वर्तुळ सात नंबरवरून निघालं, पंधरा नंबरला वळसा घालून गेलं, जनरेटरच्या मागून आलं आणि उद्धवरावांच्या तळमजल्यावरच्या बेडरूमची खिडकी पोटात घेऊन बंद झालं. आत एकही वाहन लावायचं नाही. निशिगंधा हाइट्सच्या सगळ्या गाड्या रस्त्यावर आल्या, पार उसाच्या गुऱ्हाळापर्यंत.

संध्याकाळी गेटजवळ खुर्च्या टाकून सभा भरली. सोसायटीतले निम्म्याहून जास्त लोक चाकणच्या कंपन्यांतले. कुणी टूलरूममध्ये, कुणी प्रेसशॉपमध्ये. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

“रंगराव,” उद्धवराव म्हणाले, “एवढं मोठं वर्तुळ येण्याइतका घेर आपण लिहिला तरी किती?”

“अठराशे पन्नास,” मी ठणकावून सांगितलं. “तीनदा मोजलाय. पन्नासचा एकावन्न निघाला तर मिशी काढीन.”

सभा एकदम गप्प झाली. मापाच्या अचूकपणाने लोक भारावले असं मला वाटलं. टूलरूमवाल्यांनी खोकून घेतलं. उद्धवराव “ठीक आहे” एवढंच म्हणाले. एवढं छोटं भाषण त्यांनी आयुष्यात केलेलं नाही, आणि मला तिथेच संशय यायला हवा होता.

घरी येऊन मी पुन्हा नोंद उघडली. घेर १८५०. त्याच्यापुढे फिकट राखाडी अक्षरांत, चष्मा कपाळावर असेल तर दिसणारच नाहीत अशी, दोन अक्षरं होती : सेमी.

मी चष्मा नाकावर ओढून पुन्हा वाचलं. साडेअठरा मीटर घेर! त्या मापाचं झाड उभं राहायचं तर आमची ए विंग पाडावी लागली असती. कॅन्टीनच्या भिंतीवरचा माझा फोटो डोळ्यांपुढे आला आणि पहिल्यांदाच त्यात मी हसतोय असं वाटलं. अनिताला सांगितलं. ती आधी गंभीर झाली, मग तिने पदर तोंडाला लावला, मग पदर पुरेना म्हणून आत गेली. बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाली, “उद्या जाऊन सरळ सांगा की हो. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं! बायकांना वाटतं अब्रू म्हणजे वाटीभर साखर, शेजारून आणता येते. शिवाय आमच्याकडे याची एक पद्धत आहे. चाकणमध्ये कुणाच्या मापात चूक सापडली तर चारचौघांत बोलत नाहीत. गुपचूप दुरुस्तीची चिठ्ठी टाकतात. चिठ्ठीत चूक कुणाची ते लिहायचं नाही, जुना आकडा लिहायचा नाही, नवा लिहायचा नाही. फक्त काय करायचं ते लिहायचं. त्याप्रमाणे मी नकाशाच्या पानावर दुरुस्तीच्या रकान्यात एकच ओळ लिहिली : ‘घेरातील दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवावे.’ एक शून्य गेलं की वर्तुळ जाईल, चांदणी जाईल, आणि ही गोष्ट देवाला आणि मला सोडून कुणाला कळणार नाही. मग मी शांत झोपलो.

थोड्याच दिवसांत वर्षाली मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत, पण मध्ये मध्ये हसू दाबल्यासारखा.

“काका, तुमच्या सोसायटीतून उंबराबद्दल चार दुरुस्त्या आल्या. चारही एकाच वाक्याच्या. दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवावे. चार नागरिकांची एकमुखी मागणी म्हणून आमच्या ऑपरेटरने ते सरकवलं. चार घरं.”

“चार कुणाच्या?” मी कसंबसं विचारलं.

“तुमची. उद्धवराव म्हणून कुणी आहेत, त्यांची. ज्ञानेश यांची. आणि अनिता म्हणून एक ताई आहेत. त्या तुमच्याच फ्लॅट नंबरवर राहतात.”

म्हणजे सभा गप्प झाली ती यासाठी. मिशीची पैज लावेपर्यंत सगळ्यांना समजलं होतं, मला सोडून. उद्धवरावांनी चिठ्ठी टाकली ती बेडरूमच्या खिडकीसाठी, ज्ञानेशने, मी बटण दाबलं तेव्हा तोही शेजारीच होता म्हणून, आणि अनिताने, कारण नवरा आपण होऊन काही करेल यावर तिचा लग्नापासून विश्वास नाही. पंचवीस वर्षं माझ्याशी संसार करून तीही चिठ्ठी आमच्याच पद्धतीची लिहिते, याचा मला त्याही अवस्थेत थोडा अभिमान वाटला.

“मग आता घेर किती?”

“शून्य पूर्णांक एकशे पंच्याऐंशी सेंटीमीटर. काका, याला झाड म्हणत नाहीत, काडी म्हणतात. संगणकाने ती थरातून काढून टाकली. मी पुन्हा नोंद करून देते, पण मला प्रत्यक्ष बघायला यावं लागेल.”

वर्तुळ पुसलं गेलं. गाड्या आत आल्या. उंबर नकाशातून गेलं याचं कुणाला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. पण उद्धवरावांचं डोकं युनियनमध्ये तयार झालेलं. त्यांनी सभा बोलावली. “मित्रहो, जे नकाशात नाही, ते आहे असं कोण म्हणेल? आणि जे नाहीच, ते तोडायला परवानगी कुणाची? हे झाड गेलं तर पाहुण्यांच्या गाड्यांना जागा होईल, आणि आपल्या रंगरावांचा त्रासही मुळासकट जाईल.” माळी तयार नव्हता, पण उद्धवरावांनी दुसरीकडून यांत्रिक करवतवाला ठरवला होता. शुक्रवारी सकाळी काम. त्यांनी हात वर करायला सांगितलं. माझा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. अर्धा हात कुणी मोजत नाही. तो होकारातच धरला जातो.

गुरुवारी संध्याकाळी सरूबाई दिवा घेऊन आल्या. गेटवर त्यांना आधीच कळलं होतं. त्या भांडतील असं मला वाटलं होतं. त्या भांडल्या नाहीत. दिवा लावला, वात नीट केली आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“नकाशात न्हाई म्हून तोडत्यात म्हनं.”

“हो, आजी. असा ठराव झालाय.”

“तुमी ह्याला मिठी मारून मापं घेतली ना? तीन येळा? मंग तुमीच सांगा. हाय का न्हाई?”

रोज हजारो भाग माझ्या हाताखालून जातात. आहे ते आहे आणि नाही ते नाही, एवढं सांगण्याचाच मला पगार मिळतो. आणि इथे धडधडीत उभं असलेलं झाड नाही ठरत होतं तेव्हा मी अर्धा हात वर केला होता. मला माझी फार लाज वाटली. सरूबाई गेल्यावर मी उंबराजवळ गेलो. माझी खडूची खूण अजून खोडावर होती.

वर्षाली मॅडमना फोन केला. त्या चिडल्याच. “नोंद नसली तरी झाड तोडणं गुन्हा आहे, काका, सांगा त्यांना! पण उद्या दुपारपर्यंत मी तळवड्यात अडकलेय. तोवर काहीतरी करून थांबवा.” मी उद्धवरावांना सांगायला गेलो. त्यांनी कायद्यावर एक भाषण केलं आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी मी शिफ्ट बुडवली. करवतवाल्याचा टेम्पो गेटात शिरत होता, तेवढ्यात मी तोडकामासाठी रस्त्यावर नेऊन ठेवलेली गाडी परत आत आणली आणि सात नंबरवर घेतली. रेषेच्या आत नाही, आणखी पुढे. बंपर खोडाला टेकला, तेव्हा हातब्रेक ओढला, चारही काचा वर केल्या आणि आत बसून राहिलो. डोक्यावर ती फांदी होतीच.

करवतवाला दोनदा गाडीभोवती फिरला. “साहेब, गाडी काढा. वरनं काय पडलं तर चेपंल.”

“पडू दे,” मी आतून ओरडलो.

उद्धवराव काचेवर टकटक करू लागले. “रंगराव, ही फांदी तोडा म्हणून इतके महिने माझं डोकं कुणी खाल्लं?”

“मीच खाल्लं. फांदी म्हणालो होतो, झाड नव्हतो म्हणालो!”

“सभेत आपण हात वर केला होता!”

“अर्धा!”

बाल्कन्या भरल्या. उन्हाने गाडी तापायला लागली. काच खाली करावी तर उद्धवरावांचं भाषण आत येणार, म्हणून मी घाम गाळत बसलो. थप्प, थप्प करून फळं टपावर पडत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ती मोजत नव्हतो. थोड्या वेळाने अनिता पोह्यांची बशी घेऊन आली. बशी आत द्यायला तिने दार उघडायला लावलं, आणि मग परत जायच्या ऐवजी स्वतःच शेजारच्या सीटवर येऊन बसली. “बघता काय? खा,” ती म्हणाली. ते बघून ज्ञानेशने आपली स्कूटर आणून खोडाच्या दुसऱ्या बाजूला लावली, आणि टूलरूमवाल्यांनी जुनी मोटारसायकल ढकलत आणली. करवतवाल्याने सगळीकडे एकदा नजर फिरवली. “तुमचं आपसात मिटवा, भाऊ,” असं उद्धवरावांना सांगून त्याने टेम्पो वळवला.

दुपारी वर्षाली मॅडम आल्या. त्यांच्यामागून सरूबाईही आल्या, कुणी बोलावलं नसताना. मॅडमनी टेपचं एक टोक माझ्याकडे दिलं. सगळी सोसायटी गोल करून उभी होती. मी आकड्यावर अंगठा ठेवला आणि नीट वाचला. “एकशे पंच्याऐंशी,” मी म्हणालो, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “सेंटीमीटर.” टूलरूमवाल्यांनी टाळी वाजवली. मॅडमनी तिथल्या तिथे टॅबवर नोंद केली आणि सात नंबरवर हिरवा ठिपका उमटला. साधाच, चांदणी नाही. उद्धवरावांनी लगेच सर्वांचे आभार मानले आणि वृक्षरक्षणाच्या चळवळीत आपण पहिल्यापासून होतो याची आठवण करून दिली.

“काका,” मॅडम म्हणाल्या, “झाड आता थरात आलं. तुमची फांदी राहिलीच होती. तिचा अर्ज आता चालेल. मंजूर करून देते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वर बघितलं. एक पोपट उलटा लटकून मोठ्या चवीने खात होता.

“तोडा की,” सरूबाई म्हणाल्या. “एका फांदीनं उंबर काय मरत न्हाई. दहा फुटत्यात.”

मी होय म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. “राहू दे,” मी म्हणालो. अनिताने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

गाडीचं काय करायचं, ते मग घरी पोहे संपवताना ठरलं. आमच्या कंपनीला रंगाचं काम करून देणारा एक पेंटशॉपवाला आहे. त्याच्याकडे मी एक पिकलेलं उंबर डबीत घालून नेलं आणि गाडीला बरोबर हाच रंग पाहिजे म्हणून सांगितलं. तो तयार आहे. फक्त गाडीचा रंग बदलायला आरटीओची परवानगी लागते, असं ज्ञानेश म्हणतो. अर्ज मी भरून दिलाय. सुदैवाने त्यात मापाचा रकाना नाही.